फीत, वेणी आणि सांगाडा

व्हिडिओ गेममधील स्त्री पात्राची चर्चा बहुधा तिच्या कपड्यांपासून सुरू होते आणि अनेकदा तिथेच संपते. प्रत्यक्ष घडणीच्या कामात मात्र कपडे फार उशिरा येतात. त्याआधी पात्राचे शरीर कोणत्या मूळ नमुन्यावरून बेतायचे हे ठरून गेलेले असते आणि तो निर्णय पुढच्या रंगरंगोटीने झाकला जात नाही. १९८२ मध्ये आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर, अवतरलेली मिस पॅक-मॅन हे याचे सर्वांत उघड उदाहरण होय. मूळचा पॅक-मॅन हा तोंडाची उघडझाप करणारा पिवळा गोळा होता. तो पुरुष असल्याची कोणतीही खूण त्याच्या अंगावर नव्हती आणि तिची गरजही कोणाला भासली नाही. स्त्री घडवताना मात्र त्याच गोळ्याला लाल फीत बांधली गेली, ओठ रंगवले गेले आणि वर एक तीळही आला. स्प्राइट, म्हणजे पडद्यावर हलणारे छोटे सपाट चित्र, मोजक्या ठिपक्यांचे असे, त्यामुळे रचनाकारांचे हात बांधलेले होते हे खरे. तरीही पुरुष बिनखुणेचा आणि स्त्री खुणेची, हा हिशेब तिथे स्वच्छ दिसतो.

१९८६ च्या ‘मेट्रॉइड’ने हा हिशेब उलटवला, निदान खेळ संपेपर्यंत. त्यातील सॅमस ही अंतराळातील शिकारी आपादमस्तक चिलखतात वावरते, इंग्रजी माहितीपुस्तिका तिचा उल्लेख पुल्लिंगी सर्वनामाने करते, आणि खेळ पुरेशा वेगाने पूर्ण केला तरच आत स्त्री असल्याचे कळते. पण खेळाडू जितका चपळ, तितके शेवटी तिच्या अंगावरचे कपडे कमी, अशी बक्षिसाची योजना असल्यामुळे चिलखताने कमावलेले बरेचसे शेवटच्या चित्रात गमावले जाते.

त्रिमितीय खेळांच्या काळात प्रश्न ठिपक्यांचा उरला नाही, तो पॉलिगॉनचा झाला. पॉलिगॉन म्हणजे जे सपाट तुकडे एकमेकांना जोडून आकृती उभी करतात ते. इंग्लंडमधील डर्बी येथील कोअर डिझाइनने १९९६ मध्ये ‘टूम रेडर’ आणला, तेव्हा त्याची नायिका लारा क्रॉफ्ट हिच्या टोकदार छातीवर जेवढी शाई खर्च झाली तेवढी तिच्या केसांवर झाली नाही, आणि घडणीच्या दृष्टीने केसांची गोष्ट अधिक बोलकी आहे. चित्रफितींत तिची लांब वेणी दिसे, परंतु प्रत्यक्ष खेळात ती वेणी नव्हती, कारण धावताना, उडी मारताना, पाण्यात शिरताना स्वतंत्रपणे हेलकावणारी वेणी हे त्या यंत्रांवर जिकिरीचे काम होते. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या भागात ती पाठीवर झुलू लागली. जे हवेसे वाटते त्यासाठी वेळ आणि गणनशक्ती काढली जाते, एवढे यातून दिसते.

म्हणूनच २०१४ मधील वाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’मध्ये अनेकांनी मिळून खेळण्याच्या भागात स्त्री पात्र का नाही, या प्रश्नावर युबिसॉफ्ट या निर्मात्या कंपनीच्या बाजूने कामाचा बोजा पुढे करण्यात आला: ॲनिमेशन दुप्पट, आवाज दुप्पट, वेशभूषा दुप्पट. यावर त्याच मालिकेच्या आधीच्या एका भागाचे ॲनिमेशन सांभाळलेल्या जोनाथन कूपर यांनी हे एक-दोन दिवसांचे काम असल्याचे म्हटले. दोन्ही विधानांच्या मुळाशी रिग आहे. रिग म्हणजे आकृतीच्या आत बसवलेला सांध्यांचा सांगाडा, ज्याला हालचाली जोडलेल्या असतात. एका सांगाड्याच्या हालचाली दुसऱ्यावर चढवता येतात, मग खांदे, कंबर, पावलांमधले अंतर हातांनी सुधारून घेतात. कारागिराच्या नजरेतून पाहता कूपर यांची बाजू वजनदार आहे, तरी ‘दुप्पट’ या शब्दात एक कबुली दडलेली आहे, ती अशी की स्त्री मूळ आराखड्यात नव्हतीच, नंतर भर घालावी तशी तिची आकारणी होत होती.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधील ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ वेगळ्या टोकापासून सुरू होतो. राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी; असुरांनी पळवलेल्या गोलू या भावाला ती शोधत निघते. कॅमेरा उंचावर आणि दूर ठेवल्यामुळे तिची आकृती पडद्यावर लहानशीच राहते आणि चेहरा क्वचितच नीट दिसतो, त्यामुळे तिची ओळख सगळी हालचालीवर येऊन पडते. भिंतीवर धावत जाऊन घेतलेली उलटी झेप, मल्लखांबाची आठवण व्हावी असा खांबाभोवतीचा गिरका आणि त्यातूनच केलेला वार, हे कोण्या योद्ध्याच्या ठेवणीतून उसने आणलेले वाटत नाही, तिच्या धंद्यातून आलेले वाटते. याची किंमतही आहे. दूरच्या कॅमेऱ्याला तिची तगमग टिपता येत नाही, आणि कथाभाग छायाबाहुल्यांवर व दुर्गा-विष्णू यांच्या निवेदनावर सोपवल्यामुळे भावासाठी होणारी तिची घालमेल देवांच्या तोंडून ऐकावी लागते; अंगाने एवढे बोलणारी मुलगी तिथे जरा मुकी होते.