पोर्टर: एका हलक्या बिअरला दिलेले ५० पैकी गुण

नळाला पाणी का नाही आणि मुक्कामी एसटी का बंद झाली यावर लिहिणारा माणूस आज बिअरवर लिहितोय म्हणून दचकू नका. आपल्या तालुक्यात 'उभी बाटली, आडवी बाटली'चं मतदान तीनदा झालं, तिन्ही वेळा बातमी मीच केली होती. ताईच्या गावात तर ताई स्वतः आडव्या बाटलीच्या प्रचारात घरोघर फिरली होती. तेव्हा दारूचं कौतुक करायला ही पोस्ट नाही. पण दारूबद्दल आपण फक्त दोनच गोष्टी बोलतो, बंद करा किंवा चढते किती. मधलं काहीच बोलत नाही. त्या मधल्याबद्दल थोडं.

भाचीच्या बाळंतपणासाठी ताई अमेरिकेला निघाली. तिला एकटीला विमानात बसवायची कुणाची हिंमत होईना, म्हणून मी सोबत. भाची पेनसिल्व्हेनिया राज्यात हॅरिसबर्गजवळ राहते. ताईच्या बॅगेत डिंक, अळीव आणि बाळंतिणीसाठी नाचणी सत्त्वाचा मोठा डबा. या डब्याचा पुढे संबंध आहे, लक्षात ठेवा.

भाचेजावई सोलापूरकडचे. एका रविवारी म्हणाले, "मामा, न्यूयॉर्क काय सगळेच बघतात. तुम्हाला एक जुनं गाव दाखवतो." तासाभरावर पॉट्सव्हिल. कोळशाच्या खाणींचं गाव. खाणी चालत होत्या तेव्हा भरभराट, आता लोकसंख्या १३ हजारांच्या आसपास. बंद दुकानांच्या पाट्या, चढावरची घरं, ओसरलेल्या गावाची ती शांतता. गिरणी बंद पडलेलं आपलं कुठलंही गाव डोळ्यांपुढे आणा. तिथे १८२९ पासून एक बिअरचा कारखाना चालू आहे, युंगलिंग. अमेरिकेतला सर्वांत जुना, आणि अजून त्याच घराण्याकडे.

डोंगरात हाताने खोदलेली भुयारं बघितली. फ्रिज नव्हते तेव्हा बिअर थंड ठेवायची ती जागा. १९२० साली सगळ्या अमेरिकेत दारूबंदी आली तेव्हा सरकारने या भुयारात भिंत घातली, तिचा काही भाग अजून दाखवतात. बंदीची ती तेरा-चौदा वर्षं कारखान्याने जवळजवळ बिनअल्कोहोलची बिअर विकून आणि समोर दुग्धालय काढून, आइस्क्रीम विकून काढली. त्या बिनअल्कोहोलच्या पेयांत एकाचं नाव होतं 'पोर-टॉर'. नाव मोडून का होईना, पोर्टर जिवंत ठेवायची होती.

आता पोर्टर म्हणजे काय? पोर्टर म्हणजे हमाल. अठराव्या शतकात लंडनमध्ये ओझी वाहणाऱ्या माणसांची ही आवडती काळी बिअर, त्यांच्यावरूनच नाव पडलं. (आपल्याकडे पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' काढली. तिकडे हमालाच्या नावाची बिअर, इकडे भाकर. मला आपली बाजू जास्त आवडते, पण असो.) ही बिअर गोऱ्या शिपायांसाठी पिंपांतून हिंदुस्थानातही यायची. पुढे फिक्या रंगाच्या बिअर आल्या आणि खुद्द इंग्लंडमध्ये पोर्टर विसाव्या शतकात जवळजवळ मेली. पेनसिल्व्हेनियात मात्र काही कारखान्यांनी ती सोडली नाही. जर्मन वंशाचे लोक, त्यांनी आपल्या सवयीचं लागर बिअरचं यीस्ट त्यात घातलं, थंडीत आंबवली आणि इंग्रजांच्या दाट पोर्टरची एक हलकी, स्वच्छ बहीण तयार झाली. युंगलिंगची पोर्टर ती. अल्कोहोल ४.७ टक्के.

कारखान्यात चवीपुरती मिळाली, पण खरी परीक्षा घरी झाली. जावयांच्या ऑफिसातला एकजण घरी बिअर बनवतो. तिकडे १९७० च्या दशकाच्या शेवटी केंद्राने घरगुती बिअरला परवानगी दिली, तेव्हापासून ही मंडळी स्पर्धा भरवतात. परीक्षकांसाठी एक छापील गुणपत्रिका असते, ती जावयांनी आणून ठेवली होती. एकूण गुण ५०. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकूण मताला १०. दिसण्याला फक्त ३! आपल्याकडे तर फेस किती आला यावरच अर्धी चर्चा.

पहिली अडचण थंडपणाची. आपल्याला 'एकदम चिल्ड' हवी असते. पण बर्फासारखी गार बिअर कशालाच लागत नाही. वास बांधला जातो, जीभ बधिर होते. वाईट बिअर खपवायला ते बरं. पोर्टर फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवायची, आणि ग्लास अर्धाच भरायचा म्हणजे वर वास साठायला जागा राहते. चखणा नाही. मसाला शेंगदाणे, चकली, सगळं बंद. फक्त साधा ब्रेड आणि पाणी. पेपर सोडवायला बसल्यासारखे आम्ही दोघं डायनिंग टेबलाला बसलो. भाची पाळण्यापाशी हसत होती.

रंग काळा वाटतो, पण खिडकीसमोर धरल्यावर कडेला तांबूस, कोकमाच्या आगळासारखा. फेस बदामी, भराभर विरतो. त्यात एक गुण गेला.

वासापाशी मी अडकलो. भाजका, गोडसर, ओळखीचा वास, पण नाव सापडेना. जावई इंग्रजी शब्द काढत बसले, कोको म्हणे, टोस्ट म्हणे. तेवढ्यात ताई स्वयंपाकघरातून आली. तिने ग्लास हातातही घेतला नाही, लांबूनच वाकून हुंगलं आणि म्हणाली, "अरे, सत्त्वाची नाचणी जरा जास्त भाजली गेली की असाच वास येतो."

बरोबर तेच! आणि यात चमत्कार काही नाही. आपण सत्त्वासाठी नाचणीला मोड आणतो, वाळवतो, भाजतो, दळतो. बिअरवाले जवाला मोड आणतात, वाळवतात, आणि पोर्टरसाठी त्यातला थोडा काळपट होईपर्यंत भाजतात. मोड आल्याने धान्यातल्या पिठाची साखर व्हायची तयारी होते. पुढे त्यांचं आंबतं, आपलं दुधात शिजतं, एवढाच फरक. आयुष्यात दारूला न शिवलेल्या बाईने त्या संध्याकाळचं सगळ्यात अचूक परीक्षण केलं. मी वासाला १२ पैकी ८ दिले. दोन गुण जास्त गेले असतील तर ते ताईचे.

चव. पहिला घोट तोंडात फिरवायचा आणि गिळायचा. वाईनचे परीक्षक थुंकतात, बिअरचे सहसा गिळतात. आधी काकवीची गोडी, लगेच मागून बिनदुधाच्या फिक्या कॉफीचा कडवटपणा, मग भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्याची किंचित चव. हॉप्सचा कडूपणा अगदी मागच्या बाकावर. शेवट मात्र लवकर होतो. घोट गेला की चवही गेली, जीभ स्वच्छ. दुसऱ्या घोटाला नवीन काही सांगत नाही, हा मला दोष वाटला. २० पैकी १३.

आणि इथे आमचं भांडण झालं, 'तोंडात कशी लागते' यावर. सोप्या भाषेत सांगतो. दूध, सायीचं दूध आणि ताक या तिघांचं वजन जिभेवर वेगळं लागतं. ही पोर्टर ताकासारखी, पातळ. जावयांनी ५ पैकी २ दिले. म्हणाले, "मामा, काळी बिअर म्हणजे दाट पाहिजे. ही पाणचट आहे." मी ४ दिले. शेवटी नियमांचं पुस्तक काढलं, आणि गंमत तिथे आहे. त्यात 'अमेरिकन पोर्टर' असा एक प्रकार आहे, तो नव्या छोट्या कारखान्यांचा. जोरकस, कडू, मध्यम ते दाट. त्या मापाने ही बिअर मार खाते, जावई चूक नव्हते. पण त्याच पुस्तकात जुन्या बिअरच्या यादीत 'दारूबंदीपूर्वीची पोर्टर' असा वेगळा प्रकार आहे. हलकी, सौम्य, थोडा मका चालेल, लागरचं यीस्ट चालेल. उदाहरण म्हणून हीच युंगलिंग. म्हणजे बिअर तीच, रकाना बदलला की गुण बदलले. त्यांची बेरीज २७, माझी ३४. पुस्तकात २७ म्हणजे 'चांगली' आणि ३४ म्हणजे 'फार चांगली'.

मी ३४ वर ठाम आहे. पातळ असणं आणि पाणचट असणं या दोन गोष्टी आहेत. पाणचट म्हणजे काही करायला गेले आणि जमलं नाही. ही मुद्दाम हलकी केलेली आहे. पाळी संपवून खाणीतून वर आलेल्या माणसाला घसा ओला करायला आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायला अशीच बिअर लागते.

आता आपल्याकडे येतो, कारण डोक्यात सारखं तेच फिरत होतं. आपल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या बिअरपैकी बहुतांश स्ट्राँग. ६५० मिलीच्या बाटलीत ८ टक्के धरले तर निव्वळ अल्कोहोल ५२ मिली. त्या पोर्टरच्या ३५५ मिलीच्या बाटलीत १७ मिलीसुद्धा नाही. एक बाटली म्हणजे एक बाटली नव्हे, त्यांच्या तीन झाल्या. आणि आपल्या गावातल्या दुकानात माइल्ड आणि स्ट्राँग यांच्या किमतीत फरक इतका थोडा, की दिवसाची मजुरी खिशात असलेला माणूस माइल्ड कशाला घेईल? त्याचा हिशोब चुकत नाही, रुपयाला जास्त चढणारी तो घेतो. आमच्यातला एक फोटोग्राफर, रोजचा स्ट्राँगवाला, ४१ व्या वर्षी लिव्हरने गेला. एकदा मी त्याला विचारलं होतं, चव कशी लागते रे हिची? म्हणाला, "चव कोण बघतंय!"

अमेरिकेने बंदी उठवताना एक केलं होतं. डिसेंबर १९३३ मध्ये बंदी पूर्ण उठली, पण त्याआधी ७ एप्रिललाच बिअर आणि वाईन सुरू केली, तीही वजनाने ३.२ टक्के अल्कोहोलपर्यंतच. आधी सौम्य, कडक नंतर. आपल्या राज्यातही कायदा हा फरक ओळखतो. बिअर-वाईनला वय २१, कडक दारूला २५. माइल्ड आणि स्ट्राँगचा रकाना उत्पादन शुल्क खात्याकडे वेगळा आहेच. पण गिऱ्हाइकाला जाणवेल एवढा फरक किमतीत नाही. बाटलीवर नाही, बाटलीतल्या अल्कोहोलच्या मिलीवर कर बसवला तर ५२ मिलीवाल्या बाटलीची किंमत काय होईल, हे कुणीतरी हिशोबवाल्याने मांडावं. दारूबंदीवाल्या माझ्या मैत्रिणी म्हणतील, हा मागच्या दाराने माइल्ड आत आणतोय. ताईसुद्धा तेच म्हणाली. "तुझ्या माइल्डची बाटली पण मी आडवीच करणार." तिच्या गावात तिने जे बघितलंय ते मी बघितलेलं नाही, त्यामुळे तिच्याशी वाद घातला नाही. पण ज्या गावांत निम्म्याहून जास्त महिला मतदारांचा आकडा गाठला गेला नाही आणि बाटली उभीच राहिली, तिथे काय? आपल्या तालुक्यात तीनपैकी दोन गावं तशी आहेत.

परत आल्यावर मी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. आपल्या तालुक्यात गेल्या पाच वर्षांत माइल्ड बिअर किती लिटर खपली, स्ट्राँग किती आणि देशी किती, वर्षवार. उत्तर आलं की आकडे इथेच टाकतो.