पाटी मोठी करा!

6 डिसेंबरला टोकावड्याहून आम्ही चैत्यभूमीवर जातो. एका वर्षी अभिवादनानंतर कुलाब्याचे अफगाण चर्चही पाहिले. पहिले अफगाण युद्ध आणि सिंधच्या मोहिमेतील मृतांचे हे स्मारक 1858 साली खुले झाले. विल्यम वेल्सच्या रंगीत काचांच्या खिडक्या सुंदरच आहेत. पण त्यांचा उजेड ज्या भिंतींवर पडतो, तिथे नावे आहेत अधिकाऱ्यांची. शिपायांबद्दल शिलालेख एवढेच सांगतो, की ते इतके होते की सगळ्यांची नावे कोरणे शक्य नाही. जास्त मेले, म्हणून निनावी!

भीमा कोरेगावचा स्तंभही इंग्रजांचाच. पण तिथे मृत शिपायांची नावे आहेत. त्यांतली 22 ‘नाक’ प्रत्ययाची, म्हणजे महारांची. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेबांनी तिथे जाऊन मानवंदना दिली. पुरावा मागणाऱ्यांना आजही तो दगड उत्तर देतो.

मित्रांनो, आता आपल्या विहारांतल्या पाट्या वाचा. देणगीदाराचे नाव रकमेसकट असते. विटा वाहिलेल्या, दारोदार वर्गणी मागितलेल्या आयाबाया कुठे आहेत? कष्टाची नोंद न ठेवणारी व्यवस्था आपण नाकारली, मग तिची रीत विहारात कशाला? त्यांचीही नावे कोरा. यादी लांबली, तर पाटी मोठी करा.

जय भीम!