परळातलं पाणी

पाखरांसाठी पाणी ठेवायचं मातीचं परळ घासायला वेळ लागत नाही. जुनं पाणी झाडाला ओतायचं, काथ्याने बूड आणि कडा घासायच्या, दोनदा विसळून ताजं पाणी भरायचं. तेवढ्यात चहाला उकळी येते. काम लहान आहे, पण ते रोजचं आहे. पाखरांवरची माया याच कामात किती टिकते ते कळतं, असं मला वाटत आलंय.

अमरावतीकडच्या आमच्या गावी विहिरीला लागून दगडी डोणी होती. बैल पिऊन गेले की साळुंक्या, होले आणि सातभाईंचा कलकलता थवा उतरायचा. वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच वासून, गळा थरथरवत ते अंगातली उष्णता बाहेर टाकतात आणि त्यात शरीरातलं पाणी उडून जातं. आजी ती डोणी उपसून घ्यायची आणि आतून राख व नारळाच्या शेंडीने घासायची. चैत्रात पाणपोईचा रांजण भरण्याआधी धुवायचा, तोच नियम ती डोणीला लावायची. “मुक्या जिवाला शिळं पाणी ठेवू नये,” एवढंच तिचं सांगणं.

नागपूरला संसार मांडला तेव्हा अंगणात सिमेंटचं उथळ कुंड करून घेतलं. पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरोघर कूलर, टायर, कुंड्या तपासत यायची आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगायची. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी अंडी घालते ती भांड्याच्या आतल्या ओलसर भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. भांडं कोरडं पडलं तरी ती अंडी महिनोन्‌महिने तग धरतात. पुन्हा पाणी चढलं की त्यातून अळ्या निघतात आणि आठवड्या-दहा दिवसांत डास उडू लागतात. पाणी नुसतं ओतून भागत नाही, भिंत खरवडून घासावी लागते. हे समजलं तेव्हा आजीच्या हातातल्या शेंडीचं मोल मला नव्याने कळलं.

पुण्यात आलो ते तळमजल्याच्या घरात. इथे बुलबुल आणि दयाळ येतात, कावळा पोळीचा वाळका तुकडा भिजवायला आणतो, आणि पारवे तर दिवसभर असतात. इतर बहुतेक पक्षी घोट घेऊन मान वर करतात. पारवा चोच पाण्यात बुडवून सलग ओढत पितो. ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म परजीवी पारव्यांच्या तोंडात, घशात राहतो. घशात गाठी धरल्या की पक्ष्याला गिळता येत नाही. घेतलेला दाणा, घोट पुन्हा भांड्यातच पडतो आणि पुढचा पक्षी तेच पितो. ब्रिटनमध्ये 2005 पासून हा रोग ग्रीनफिंच या लहान पाखरांत पसरला आणि त्यांची संख्या झपाट्याने घटली. लोकांनी बागांतून प्रेमाने ठेवलेल्या दाण्यापाण्याभोवती ही पाखरं गोळा होत होती. रानात ओढे, डबकी विखुरलेली असतात. आपण सगळ्यांना एकाच भांड्यावर आणतो.

म्हणून माझ्याकडे दोन परळं आहेत. एक वापरात असतं, दुसरं घासून उन्हात कडकडीत वाळतं. शेवाळ मातीच्या छिद्रांत फारच मुरलं, तर नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून धुते आणि वास पूर्ण जाईपर्यंत विसळते. एरवी काथ्या आणि गरम पाणी पुरतं. साबण मी टाळते, कारण त्याचा अंश राहिला तर पिसांवरचं तेल निघतं आणि पिसं पाणी धरू लागतात. डासांसाठी पाण्यावर तेलाचा थेंबही टाकू नये. तो पिसांना चिकटतो.

पाणी दोन-तीन बोटं खोल असलं की पुरे. मध्ये एक खडबडीत दगड ठेवते. त्यावर चिमणीचा पाय टिकतो आणि पोळं थंड ठेवायला पाणी न्यायला आलेल्या मधमाश्या बुडत नाहीत. परळ दाट झुडपाला खेटून नसतं, कारण मांजर तिथेच दबा धरतं आणि ओल्या पंखांनी पाखराला चटकन उडता येत नाही. मात्र अंग झाडायला, पिसं साफ करायला जवळ एखादी फांदी हवी. भांडं सावलीत ठेवलं की पाणीही कमी तापतं.

आपण पाणी ठेवतो तेव्हा पाखरांना बोलावत असतो, आणि बोलावलेल्या जिवाच्या तब्येतीची जबाबदारी आपल्याकडे येते. चार दिवस गावाला जायचं असेल आणि शेजारी कुणी बघणारं नसेल, तर परळ पालथं घालून जावं. पाखरं दुसरं पाणी शोधतील. घाण पाण्याने आजारी पडण्यापेक्षा ते बरं. पण घरी आहोत तोवर चहाला उकळी येईपर्यंतचा वेळ त्यांच्या नावाने काढावा. म्हणूनच अक्षय्य तृतीयेला उदककुंभाच्या दानाबरोबर मी ओळखीच्यांना परळही देते, आणि परळाबरोबर एक काथ्या.