बर्फाखालचा निवडुंग

निवडुंग म्हटला की तापलेला माळ डोळ्यांपुढे उभा राहतो. शेताच्या बांधावर, गावाबाहेरच्या दगडांच्या राशीवर वाढलेला फड्या निवडुंग कोणत्या खेडुताने पाहिलेला नाही? त्याची तांबडी बोंडे खाऊन ज्याची जीभ रंगली नाही असा मुलगाही विरळाच. तथापि हा निवडुंग मूळचा आपला नव्हे. ज्यांच्या अंगातून पांढरा चीक गळतो ते शेर आणि तीनधारी निवडुंग अगदी निराळ्या कुळातले. फड्या निवडुंगाचे सारे गणगोत अमेरिका खंडातले. त्यांतली एक जात तेवढी आफ्रिकेत व सिंहलद्वीपातही आपली आपण वाढते. आपल्याकडे तो युरोपियनांच्या गलबतांतून आला आणि येथलाच होऊन बसला.

पण त्याचे काही भाऊबंद उलट दिशेला, थेट उत्तरेकडे पसरलेले आहेत, हे वाचून माहीत असले तरी प्रत्यक्ष पाहण्याचा योग आम्हांला उतारवयात आला. आमच्या कन्येचे बिऱ्हाड कॅनडातील अल्बर्टा प्रांतात, मेडिसिन हॅट या शहरी आहे. तेथे वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून साडेतीनशे मिलिमीटरही पाणी पडत नाही, आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली ३० अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली जातो. जून महिन्यात दक्षिण सस्कॅचेवान नदीच्या उतरणीवर फिरावयास गेलो असता कन्या म्हणाली, “बाबा, पाय जपून टाका हं, गवतात काटे आहेत.” पाहतो तो गवताच्या बुडाशी वीतभरही उंच नसलेल्या फड्या, आणि त्यांवर रेशमासारखी पिवळी फुले! जपून चाललो तरी परत आल्यावर विजारीच्या काठाला लहानशा बटाट्याएवढे एक पेर लटकलेले आढळलेच.

हे लटकणे हाच त्या जातीचा संसार. तिला ठिसूळ निवडुंग म्हणावे. तिला फुले क्वचित येतात, फळे त्याहून क्वचित. परंतु पेर नुसता धक्का लागताच निखळते. काट्यांना उलटी कुसळे असल्यामुळे जनावराच्या लोकरीत रुतून बसते आणि जेथे गळून पडते तेथे मूळ धरते. अशा रीतीने ही जात पीस नदीच्या खोऱ्यापर्यंत, म्हणजे ५६ अंश उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचली आहे. आपले बेळगाव १६ अंशांच्या आसपास आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

पुढे एकदा नोव्हेंबरात तीच उतरण पाहिली. फड्या सुरकुतलेल्या, जांभळट, जमिनीला चिकटून निजलेल्या. मेल्या असेच कोणीही म्हणावे. पण तीच त्यांची तयारी. दिवस लहान होऊ लागले की निवडुंग अंगातले पाणी कमी करू लागतो. उरलेला रस दाट होतो, आणि गोठायचे ते पाणी पेशींच्या आत न गोठता बाहेरच्या पोकळीत गोठते. त्यामुळे पेशी फुटत नाही. वरून बर्फाची गोधडी पडते ती निराळीच. ही तयारी होण्यास काही आठवडे लागतात. ऐन उन्हाळ्यात, अंगात पाणी भरलेले असताना एकाएकी तशी थंडी पडली, तर तीच फडी मरून जाईल.

या काट्यांचा त्रास मोठमोठ्यांनीही सोसला आहे. १८०५ साली लुइस आणि क्लार्क यांची तुकडी आजच्या माँटाना भागातून जात असता, निवडुंगामुळे त्यांना चामड्याच्या जोड्यांना दुहेरी तळवे लावावे लागले. ब्रिटिश कोलंबियातील मूळ रहिवासी मात्र काटे विस्तवावर जाळून आतला गर खात. गरजेने माणूस काय काय शिकतो!

कॅनडात निवडुंगाच्या चार जाती मानतात, आणि त्यांतली चौथी आम्हांला विशेष विचारात पाडते. ती ओंटारियो प्रांतात, ईरी सरोवरात घुसलेल्या पॉइंट पेली या वाळूच्या जिभेवर आणि जवळच्या पेली बेटावर वाढते. हा भाग कॅनडाच्या अगदी दक्षिण टोकाचा, अल्बर्टाहून कितीतरी उबदार. आणि तीच जात त्या देशात नष्ट होण्याच्या मार्गावर म्हणून नोंदलेली आहे! तिला थंडी मारीत नाही, सावली मारते. पूर्वी वादळे, वणवे आणि सरकती वाळू ही जागा उघडी राखीत. १९१८ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. वणवे थांबले की झुडपे चढतात, झुडपांमागून झाडे येतात, आणि उन्हावाचून जमिनीलगतच्या फड्या कुजत जातात. शिवाय सरोवराच्या लाटा वाळू खातात, आणि हौशी लोक फड्या उपटून घरी नेतात.

म्हणून उद्यानातील जाणती माणसे आता करवत घेऊन झाडे तोडतात, जपून आग लावून झुडपे जाळतात. राखीव रानात कुऱ्हाड चाललेली पाहून भल्या माणसाचा जीव कळवळावा, हे स्वाभाविक आहे. झाडाला हात लावू नये असेच आपण मुलांना शिकवीत आलो. तरीही आमचा कौल त्या करवतीकडे आहे. जी झाडे तोडली जातात ती इतरत्र हजारोंनी उभी आहेत. ही फडी त्या देशात दुसरीकडे कोठेही आपली आपण वाढत नाही. काम एका वर्षात आटोपणारे नव्हे. तोडलेली झुडपे पुन्हा फुटतात, त्यांना पुन्हा तोडावे लागते. मोकळ्या झालेल्या वाळूवर उन्हाळ्याच्या आरंभी पिवळी फुले येतात. येणाऱ्याजाणाऱ्यांनी ती पायवाटेवरूनच पाहावयाची असतात.