तारेची खरखर

१८१८ सालच्या नाताळच्या पूर्वसंध्येला ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे ‘सायलेंट नाइट’ हे गीत प्रथम गायिले गेले, तेव्हा साथीला फादर योसेफ मोहर यांच्या हाती गिटार होती. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनाविषयक दस्तऐवज जाहीर झाला. पाइप ऑर्गनचा मान राखून उपासनेस साजेशा अन्य वाद्यांनाही त्याने दार उघडले. आज गिटार आमच्या गायनवृंदांत घरच्या माणसासारखी वावरते. आणि घरच्या माणसाच्या प्रकृतीकडे जसे सर्वांत उशिरा लक्ष जाते, तसेच तिचेही होते.

गेल्या आगमनकाळात आमच्या धर्मग्रामाच्या गायनवृंदातील गिटार खरखरू लागली. एफ कॉर्ड धरली की जाड तारेतून पत्रा थरथरावा तसा आवाज येई. वाजवणारी मुलगी अकरावीतली. ‘तुझ्या बोटांत जोर नाही,’ असे कोणी म्हणाले, कोणी ‘सराव कमी पडतो’ असे सुचवले. मुलगी काही बोलली नाही. पुढल्या रविवारी मिस्सेला ती गायनवृंदात न येता मागच्या बाकावर जाऊन बसली. वृंदाच्या निधीतून नवी गिटार घ्यावी, असाही विचार पुढे आला. तेव्हा आम्ही ती गिटार चार दिवसांसाठी मागून घेतली.

वास्तविक खरखर हा प्रत्येक वाद्याचा दोष नव्हे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून तिला जवारी देतात, तारेखाली दोरा सरकवून तो गुंजारव मुद्दाम जागा करतात. गिटारीत मात्र कंप पावणारी तार वाटेत नको तेथे घासली की स्वर मलिन होतो. ती नेमकी कोठे घासते, हे शोधणे म्हणजेच निदान.

पहिली कसोटी सोपी. तीच जागा आणखी दोघांनी दाबून पाहिली. खरखर तशीच राहिली. म्हणजे दोष बोटांत नव्हता. मग प्रत्येक तार मोकळी छेडली. मोकळीच तार खरखरती, तर मानेच्या टोकाच्या नटमधील खाच खोल झाली असे मानावे लागते. येथे मोकळ्या तारा स्वच्छ बोलल्या. यानंतर मान पाहिली. तार पहिल्या व चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबली असता मधल्या भागात तार आणि फ्रेट यांच्यात सुमारे पाव मिलिमीटर फट हवी. ती नसेल, तर मान फार सरळ किंवा मागे वाकलेली असते आणि मानेतला ट्रसरॉड किंचित सैल करावा लागतो. तोही एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नाही. येथे फट योग्य होती. वरच्या सर्वच फ्रेटवर खरखर असती, तर सॅडल फार खाली आहे का, हे तपासले असते, तीही नव्हती.

उरला एकच प्रश्न. जाड तार पहिल्या व दुसऱ्या फ्रेटवर खरखरे, तिसऱ्यावर दाबली की स्वच्छ वाजे. लोखंडी पट्टीचा लहान, सरळ तुकडा दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या फ्रेटवर मिळून ठेवला, तर तो डुलू लागला. तिसऱ्या फ्रेटचे जाड तारेकडील टोक खाचेतून वर आले होते. पावसाळ्यात लाकूड ओलावा पिऊन फुगते, कोरड्या हवेत आकसते. धातूची फ्रेट त्याबरोबर आकसत नाही. अशा ओढाताणीत तिची पकड सुटते.

सुतारकाम जाणणाऱ्या एका वडीलधाऱ्यांनी तारा सैल केल्या, मानेखाली तांदळाची पिशवी ठेवली आणि प्लॅस्टिकच्या डोक्याच्या हातोडीने ते टोक हलक्या हाताने बसवले. परत उठू नये म्हणून खाचेत पातळ चिकटद्रव्याचा एक थेंब सोडला. पट्टी पुन्हा ठेवली. ती डुलली नाही. नवी गिटार घेण्याचा विषय तेथेच संपला.

गिटार दुरुस्त झाली हे त्या मुलीला सांगणे पुरेसे नव्हते. बोटांना दोष देणाऱ्यांपैकी एका काकूंनी तिच्या घरी जाऊन, दोष फ्रेटचा होता, असे तिच्या आईवडिलांसमोर सांगितले. हे काम हातोडीच्या कामाहून अवघड होते. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला ती आपल्या जागी उभी होती, आणि एफ कॉर्ड निर्मळ वाजली.

स्वर बिघडला की आपली नजर प्रथम वाजवणाऱ्याच्या हाताकडे जाते. कारण हात दिसतो, उठलेली फ्रेट दिसत नाही. दोष कधी हाताचा असेलही. परंतु ते ठरवण्याआधी पट्टी ठेवून पाहण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. आपल्या मुलांच्या बाबतीत तेवढी दोन मिनिटे आपण राखून ठेवावीत, एवढेच आमचे सांगणे.