कपाटात नसलेले गाणे

राहात्यातील आमच्या घरी वडिलांच्या कॅसेटचे एक लाकडी कपाट आहे. संग्रह मोठा सरमिसळ. बालगंधर्वांच्या नाट्यपदांना खेटून भीमसेनजींचे अभंग आणि त्यांच्या शेजारी ‘अमर अकबर अँथनी’मधील रफीसाहेबांची साईबाबांवरची कव्वाली! १९७७ साली तो चित्रपट आला तेव्हा मी शाळकरी होतो. शिर्डी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे नगर-मनमाड रस्त्यावरच्या हॉटेलांतून ती कव्वाली सतत कानी पडे. आजही ती ऐकली की मला चहाच्या भट्टीचा धूर आणि पिकल्या पेरूंचा वास येतो.

या कपाटाची आठवण झाली ती आईमुळे. ती ८३ वर्षांची आहे आणि चार वर्षांपासून तिला स्मृतिभ्रंश आहे. दिवे लागणीच्या वेळी ती अस्वस्थ होते, “मला घरी जायचंय” म्हणत दाराशी जाऊन उभी राहते. आपल्यापैकी जे अशा रुग्णाची शुश्रूषा करतात, त्यांना ही संध्याकाळ ठाऊक असेल. मी ‘गीतरामायण’ लावून पाहिले. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि बाबूजींची ही ५६ गीते प्रसारित होत, तेव्हा लोक रेडिओला हार घालीत. आई त्या वेळी तेरा वर्षांची. तिला ते आवडणारच, असे मी गृहीत धरले. ती मात्र कानांवर हात ठेवी, ओरडे.

मग मी झोपेच्या गोळीची मात्रा वाढवली. तिसऱ्या दिवशी ती ग्लानीत न्हाणीघरात पडली. हाड मोडले नाही, एवढेच नशीब. इतरांना अशा गोळ्यांबाबत जपून राहायला सांगणाऱ्या माझ्या हातून हे घडले.

तिला भेटायला मावशी आली. सारे पाहून म्हणाली, “अरे, आमच्या घरी कुठला रेडिओ? ही कपाटातली गाणी तुझ्या वडिलांची. अक्काला बुगडीचं गाणं लाव.”

१९५९ चा ‘सांगत्ये ऐका’! पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो शंभराहून अधिक आठवडे चालला. आईने तो जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर बसून पाहिला होता. आमच्या सोवळ्या घरात लावणीची कॅसेट कोण आणणार? मोबाइलवर आशाबाईंचा आवाज सुरू झाला आणि आईचा हात हळूच कानाच्या वरच्या कडेला गेला. बुगड्या काढून तिला कित्येक वर्षे झाली आहेत. छिद्रेही बुजत आली आहेत. दाराकडे निघालेली ती परत येऊन बसली.

यात चमत्कार नाही. साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणी उतारवयात अधिक ठळक राहतात आणि ओळखीच्या चालींची स्मृती या आजारात पुष्कळदा बराच काळ टिकते. गाण्याने आजार बरा होत नाही. औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत (आणि वाढवूही नयेत). पण आपल्या आवडीचे किंवा ‘वयाला शोभणारे’ गाणे लावण्यापूर्वी त्या व्यक्तीच्या भावंडांना, जुन्या शेजाऱ्यांना जरूर विचारावे. टीव्ही बंद करून एका वेळी एकच गाणे लावावे. आवाज चढवण्यापेक्षा मोबाइल जवळ ठेवावा; म्हाताऱ्या कानांना मोठा आवाज पुष्कळदा स्पष्ट नव्हे, केवळ कर्कश वाटतो. आम्ही अंघोळीपूर्वी आणि सूर्यास्ताच्या थोडे आधी लावतो. कधी तिला रडू येते. एखाद-दुसऱ्या अश्रूने घाबरू नये. फारच हुंदके आले तर मात्र थांबावे. काही संध्याकाळी लावणीचाही उपयोग होत नाही. मग आम्ही दोघे अंगणात फेऱ्या मारतो.

गेल्या आठवड्यात गाणे संपल्यावर तिने माझ्याकडे निरखून पाहिले. मुलगा म्हणून ओळख पटली नव्हती. अनोळखी पाहुण्याशी बोलावे तशा आदबीने तिने विचारले, “तुम्हाला येतं का हे?”

मी नाही म्हणालो. तेव्हा तिने मला समोर बसवून घेतले आणि मांडीवर ताल धरून पहिल्या ओळीपासून शिकवायला सुरुवात केली.