फॅट, एसएनएफ आणि लेकीचं दूध

लेकीला लहानपणी इसब होतं. कोपरांच्या नि गुडघ्यांच्या लवणीत लाल चट्टे, रात्रभर खाजवणं, सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके. झोपवताना मी तिच्या हातांत सुती मोजे चढवून मनगटाशी नाडीने बांधत असे. जावयांना दमा. त्यामुळे तिने फिनलंडमधल्या तुर्कूहून दिवस गेल्याचं कळवलं, तेव्हा आनंदाच्या मागोमाग मला आठवले ते मोजे.

आठवा सरता सरता मी बाळंतपणासाठी तिथे पोचले. बॅगेत डिंक, खारकेची पूड, अळीव, बाळंतशेपा. लेकीच्या फ्रीजच्या दारात मात्र कॅप्सूलची एक बाटली होती. "आई, यात लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी आहे. नववा लागला की घ्यायला सुरुवात करावी म्हणतेय. याने दूध खरंच बदलतं का गं?"

हे ती मलाच विचारणार. माझी सगळी नोकरी सहकारी दूध संघाच्या प्रयोगशाळेत गेली. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरणारे घन घटक) हवं, हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल. लॅक्टोमीटर, गर्बरच्या नळ्या, मिथिलिन ब्लूचा निळा रंग किती वेळात उडतो त्यावरून जंतूंचा अंदाज. जिवाणूंच्या आमच्याकडे दोनच जाती: विरजणातले कामाचे आणि दूध नासवणारे. आईच्या दुधाशी माझा संबंध आला तो फक्त आई म्हणून. म्हणून मी वाचायला बसले.

आणि पहिलाच धागा त्याच गावात सापडला. तुर्कूच्या विद्यापीठात एरिका इसोलाउरी यांच्या गटाने जीजीवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. हा जिवाणू मुळात अमेरिकेत शेरवूड गॉरबाक आणि बॅरी गोल्डिन यांनी निरोगी माणसाच्या आतड्यातून वेगळा काढला. नावातली दोन अक्षरं त्यांचीच. २००२ साली तुर्कूच्या गटाने ६२ माय-लेकरांच्या जोड्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. घरात ॲलर्जीचा इतिहास असलेल्या काही बायकांना बाळंतपणाआधी चार आठवडे आणि पाजतानाचे पहिले तीन महिने जीजी दिलं, बाकीच्यांना दिसायला तशीच पण जिवाणू नसलेली कॅप्सूल. जीजी घेतलेल्या आयांच्या दुधात टीजीएफ-बीटा २ हे प्रथिन दुपटीहून जास्त निघालं. बाळाच्या प्रतिकारशक्तीला विनाकारण भडकू न देणाऱ्या प्रथिनांपैकी हे एक. पहिल्या दोन वर्षांत त्यांच्या १५ टक्के मुलांना इसब झालं, दुसऱ्या गटात ४७ टक्के.

तो ४७चा आकडा वाचून मी बराच वेळ पुढे सरकले नाही. त्यातली प्रत्येक आई माझ्यासारखीच रात्री उठून बसली असणार.

आईने गिळलेल्या जिवाणूचा तिच्या दुधाशी संबंध येतो कसा? आतड्याच्या भिंतीत रोगप्रतिकारक पेशींची मोठी वस्ती असते. आतड्यातले जंतू त्यांच्या ओळखीचे होतात आणि गरोदरपणाच्या शेवटी नि पाजण्याच्या काळात त्यांतल्या काही पेशी रक्तावाटे स्तनापर्यंत जातात. तिथे त्या तयार करतात ती प्रतिद्रव्यं दुधात उतरतात. म्हणजे आईच्या आतड्याने जे ओळखलं, त्याची खबर बाळाला दुधातून मिळते. जिवाणू स्वतःसुद्धा असा प्रवास करतात, असंही काही शास्त्रज्ञ मानतात. तो मात्र अजून तर्कच आहे.

मला सर्वांत भावल्या त्या दुधातल्या ऑलिगोसॅकराइड नावाच्या साखरा. लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर आईच्या दुधात सर्वांत जास्त त्याच असतात. प्रकार दीडशेच्या वर. आणि बाळाला त्या पचतच नाहीत! त्या जातात बाळाच्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरियांच्या पोटात. आई बाळाबरोबर त्याच्या जिवाणूंचीही पंगत वाढते. गायीच्या दुधात या साखरा नावापुरत्याच, त्यामुळे आयुष्यभर दूध तपासूनही माझी त्यांच्याशी गाठ पडली नव्हती. २०१९ साली हेलसिंकीच्या एका जुन्या प्रयोगातल्या आयांचं चिकाचं दूध तपासलं गेलं. छत्तिसाव्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत जिवाणूंचं मिश्रण घेतलेल्या आयांच्या दुधात यांतल्या काही साखरा वाढलेल्या दिसल्या, काही घटलेल्या.

पण लेकीला मी नॉर्वेबद्दलही सांगितलं. ट्रॉन्डहाइमला आयांनी जीजीसह तीन प्रकारचे जिवाणू घातलेलं आंबवलेलं दूध प्यायलं. त्यांच्या मुलांत इसब कमी दिसलं, पण दुधातल्या जिवाणूंत म्हणावा असा फरक आढळला नाही. जागतिक ॲलर्जी संघटनेनेही २०१५ साली ज्या घरांत ॲलर्जीचा धोका जास्त, तिथल्या गरोदर आणि पाजत्या आयांना हे जिवाणू सुचवले, पण पुरावा फार कच्चा आहे हेही सोबतच लिहिलं. लेकीने सगळं ऐकलं आणि बाटली उघडली. मला ते पटलं. तिच्या घरातला धोका कागदावरचा नव्हता.

दवाखान्यातल्या परिचारिकेने बाळासाठी ड जीवनसत्त्वाचे थेंब आग्रहाने सांगितले. कॅप्सूलबद्दल म्हणाली, हरकत नाही, घेतल्याच पाहिजेत असंही नाही.

नातू झाला. चौथ्या दिवशी पान्हा भरून आला. एकदा लेकीने पंपाने काढलेलं दूध खिडकीशी धरलं. निळसर, पातळ. "आई, हे पाणचट आहे गं. कॅप्सूलचा डोस वाढवू का?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मात्र मी तिला जवळ बसवलं. सुरुवातीचं दूध पातळच येतं, पाजत राहिलं की स्निग्धांश वाढत जातो. प्रथिनं गायीच्या दुधाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी, कारण वासराला महिन्यांत वाढायचं असतं आणि माणसाच्या पिल्लाला सावकाश. आपल्या दुधात काहीतरी कमी आहे असं कुठल्याही बाळंतिणीला वाटावं, हे मला सहन होत नाही. कॅप्सूल दुधाचा पोत थोडासा बदलेलही, पण त्या दुधात आधी काही उणं होतं म्हणून ती घ्यायची नसते.

विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला की पहिला प्रश्न, "तिला दही देत नाही ना तुम्ही? बाळाला सर्दी होईल." दह्याने बाळाला सर्दी होत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. पण घरच्या दह्याने तुर्कूच्या प्रयोगासारखा गुण येईल, असंही म्हटलं नाही. त्या प्रयोगात ठरावीक जिवाणू होता, ठरावीक मात्रेत. आपल्या विरजणात घराघरागणिक निराळी बिऱ्हाडं. लेक दही खायची ते आवडतं म्हणून.

तीन महिने झाल्यावर तिने कॅप्सूल थांबवल्या, पाजणं चालू ठेवलं. नातवाला हिवाळ्यात गालांवर जरा लाली आली, मलमाने गेली. कोपरं आजवर स्वच्छ आहेत. हे जिवाणूंमुळे, की नशिबाने, की तो आईबापाच्या अंगचं काही न घेता जन्मला म्हणून, हे एका मुलावरून कोणी सांगू शकणार नाही.

परवा पुण्याहून पुतणीचा फोन आला. सातवा महिना. आईचं दूध सुधारणारी म्हणून एक महागडी पुडी कुणीतरी तिच्या गळ्यात मारू पाहत होतं. मी विचारलं, तुमच्या दोघांच्या घरांत कुणाला इसब, दमा, ॲलर्जी? कुणालाच नाही म्हणाली. मग नको घेऊस, म्हटलं, आणि तरी मनात राहिलं तर डॉक्टरांना जिवाणूचं पूर्ण नाव दाखवून विचार. नंतरचा तासभर आम्ही बाळाला छातीशी कसं धरायचं यावर बोललो.